मी पाहिलेला नवरदेव

मला दिसत नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण या प्रकरणात मी इतक्या गोष्टी पाहिल्या म्हणून सांगणार आहे की वाचणाऱ्याने मला मध्येच खोटारडा ठरवू नये. खोटारडा मी आहेच, पण त्याचं कारण वेगळं आहे आणि तेही इथेच येईल. दीड वर्षाचा असताना गोवर आला आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेला. लोक हळहळतात तेव्हा मी गंभीर चेहरा करून ऐकून घेतो. अशा वेळी ते खायला काहीतरी देतात, हा अनुभव आहे. पण मनातल्या मनात मी फायदे मोजत असतो. सेक्टर दोनमध्ये वाढलेल्या माणसाला तर ते फारच.

पहिला फायदा म्हणजे आमचं क्वार्टर. प्लांटने, म्हणजे बाबांच्या कारखान्याने, आम्हा लोकांसाठी क्वार्टरं बांधली ती एकाच साच्यातून काढल्यासारखी. जाळीच्या दारातून आत आलं की सहा पावलांवर खिडकी, डावीकडे वळून चार पावलांवर स्वयंपाकघर, ओटा कमरेला लागतो, आणि त्याच्या पलीकडे मागचं दार, अंगण, मग गल्ली. मी पाच वर्षांचा होईतो आमचं घर पाठ केलं, आणि एके दिवशी शेजारी गेलो तेव्हा कळलं की मला त्यांचंही घर पाठ आहे. त्यांच्या पलीकडच्यांचंही. एक घर घोकलं आणि अख्खं सेक्टर आलं! हरवायचे ते डोळेवाले. एक फिटर काका नाइट शिफ्ट करून सकाळी आमच्याकडे शिरले, बूट काढले, आईला "चाय दे दो" म्हणाले आणि बाबांच्या खाटेवर आडवे झाले. आईने चहा दिला. दुपारी उठून त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि बूट हातात घेऊन पळाले. "बिचारा थकला होता," एवढंच आई म्हणाली. असं माझ्या हातून कधी झालं नाही. प्रत्येक घराला आपला वास असतो, आपला पंखा असतो, आपली कुरकुर असते. दारावरचा नंबर पाहणाऱ्यांना हे कोण सांगणार?

दुसरा फायदा क्रिकेटचा. आमच्या आणि पुढच्या सडकेच्या पोरांच्या मॅचमध्ये मी कायमचा अम्पायर होतो. हसू नका. टेनिसबॉल बॅटला चाटून गेला की नाही, हे दिसत नाही, ऐकू येतं. बॅटिंग कोण करतोय हे मला दिसायचं नाही, त्यामुळे पक्षपाताचा आरोप कोणी करू शकत नसे. खरं म्हणजे कोण खेळतोय हे मला चपलेच्या आवाजावरून पक्कं माहीत असायचं, पण ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. दोन्ही बाजूंकडून बोरं घ्यायचो आणि निर्णय कानाने द्यायचो. पोरं मला "अम्पायर भैया" म्हणायची. या पोरांना लक्षात ठेवा, यांनीच पुढे घोळ केला.

आणि तिसरा फायदा, सगळ्यांत मोठा. ज्याला दिसत नाही त्याला ऐकूही येत नाही, अशी समस्त बायकांची समजूत असते. मी वाटाणे सोलत बसलेलो असलो की माझ्या डोक्यावरून सगळ्या सेक्टरची लफडी, भांडणं, दुखणी आणि सुना जात-येत असत. मी बारावीला गेलो तोपर्यंत माझ्याइतकी माहिती प्लांटच्या पर्सोनेल ऑफिसकडेही नसावी.

माझ्या बहिणीच्या तिसऱ्या पाहुण्यांची बातमी मला अशीच लागली. वैशालीताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, एका खाजगी शाळेत शिकवायची. संध्याकाळी शाळेतून आली की पायरीवर बसून ती माझी पुस्तकं मला मोठ्याने वाचून दाखवायची, आणि वाचताना फल्लीदाणे खायची. त्यामुळे माझ्या डोक्यातला सगळा इतिहास दाण्यांच्या टरफलांच्या आवाजासकट बसला आहे. राजे तहावर सही करायला बसले की मला अजून भूक लागते. ब्रेलमधली पुस्तकं थोडी मिळायची, बाकी सगळी ताईच्या तोंडून. ती सासरी गेली की माझ्या अभ्यासाचं काय, हा प्रश्न मला पडत होता. पण त्याहून मोठी गोष्ट अशी होती की ती जातच नव्हती. दोन स्थळं येऊन गेली होती. दोघांनी पोहे खाल्ले, ताईला पसंत केलं, मग कोपऱ्यात बसलेल्या माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं, आणि घरी जाऊन त्यांनी निरोप पाठवला की पत्रिका वगैरे आम्ही मानत नाही, पण सध्या आमचा विचार नाही.

"वैशालीत काही कमी नाही," कुरुदची आत्या आईला सांगत होती. मी तीन हातांवर वाटाण्यांचं भगोणं घेऊन बसलो होतो. "पण लोकं येते, याले पाहते, अन् त्याईच्या घशाखाली घास उतरत नाही. रक्तातच असंन म्हणते."

"गोवर झाला होता त्याले," आई म्हणाली. "रक्ताचं काय त्यात?"

"मले माहीत आहे, तुले माहीत आहे. त्याईले समजावून सांगतपर्यंत ते दुर्गची बस पकडते. आता हे मेश्राम येऊन राहिले. पोरगा रेल्वेत सिग्नल मेंटेनर. बाप रिटायर ड्रायव्हर. रेल्वेवाल्याईचं तं डोळ्यावरच सारं चालते. मी म्हणते, या खेपेले मिलिंदाले कुठं तरी ठेवा."

मी वाटाणे सोलतच राहिलो. दुखलं का? दुखलं. पण मला जास्त लागलं ते "ठेवा" हे. जणू मी दिवाळीत माळ्यावर टाकायची जुनी सिलाई मशीन. तरी डोक्यात एकच हिशेब फिरत होता: दोन स्थळं माझ्यामुळे गेली, तिसरं गेलं तर ताई काही बोलणार नाही, पायरीवर बसून तशीच मला वाचून दाखवील, आणि ते मला आयुष्यभर ऐकावं लागेल.

ताई मात्र घरी येताच कडाडली. "तो घरात नसंन तं मीबी समोर येत नाही. मीच सांगते त्याईले, हा माझा भाऊ, याले दिसत नाही. काय व्हायचं ते होऊ द्या."

"सांग ना बाई," आत्या म्हणाली. "पण चहा पिल्यावर सांग. पोटात काही गेलं की माणूस नरम येते."

शेवटी मीच तह केला. त्या दुपारी मी राव आंटीकडे बसतो, पाहुण्यांचा चहा झाला की ताई सांगेल, आणि मग मला बोलावून घ्या. ताईने नाक ओढलं, म्हणजे कबूल केलं. राव आंटी राहायच्या मागच्या सडकेवर. आम्ही सडक बाराचे चार-बी, त्या सडक अकराच्या चार-बी. दोन्ही घरांची अंगणं पाठीला पाठ लावून, मध्ये फक्त मागची गल्ली. आंध्रच्या होत्या, मुलं शिकायला बाहेर, राव अंकल रविवारीही ड्यूटीवर. आंटी मला लहानपणापासून मुरुक्कू, म्हणजे त्यांच्याकडची चकली, खाऊ घालत आल्या होत्या. त्यामुळे वनवासात जाण्याचं दुःख मला वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही.

रविवारी दुपारी आंटी मला घेऊन गेल्या. त्यांच्या घरासमोरच्या सडकेवर पोरं होतीच. "अम्पायर भैया, आज मैच नहीं?" "आज छुट्टी," मी रुबाबात सांगितलं आणि चार-बीत शिरलो. आंटीने पंखा लावला, मुरुक्कूचा डबा हातात दिला आणि म्हणाल्या, "तू बैठ. मैं उधर जाके तेरी मम्मी को हेल्प करती. उधर तेरी आत्या अकेली चिल्लाती, काम कोई नहीं करता." आणि मागच्या दाराने गेल्या. मी खुर्चीवर बसून मुरुक्कू खात होतो. घरात कापराचा आणि कढीपत्त्याचा वास होता. समोरच्या सडकेवरून स्कूटर आली, थांबली. पोरांचा आवाज आला, "रामटेके? हाँ हाँ, अंदर ही है, अभी गया! वो चार-बी!"

पोरांचं काही चुकलं नव्हतं. रामटेके चार-बीतच होता. मी रामटेके आणि ते चार-बी. फक्त ज्याला लपवलं होतं तोच त्यांनी दाखवला.

जाळीच्या दारावर टकटक झाली. "जयभीम जी! रामटेके साहेबाचं घर ना हे?"

मी मुरुक्कू गिळला. आता खरं सांगायचं तर मी एवढंच म्हणायला हवं होतं: मागच्या सडकेवर जा. पण ते म्हणायला दाराशी गेलो असतो तर त्यांनी विचारलं असतं, चाल दाखवून दे, आणि मग काठी काढावी लागली असती, म्हणजे चहाच्या आधीच सगळं संपलं. हे एक कारण. दुसरं कारण मी त्या वेळी कोणाला सांगितलं नाही. माझ्या ताईला पाहायला ही तिसरी माणसं आली होती, आणि त्यांना पाहायची पाळी मला एकदाही मिळाली नव्हती.

"जयभीम जी," मी उठलो. "या ना, बसा. आईबाबा आत्ताच दही आणाले गेले, येतेच."

तीन जण आले. एकाच्या बुटाला खिळे होते आणि पाऊल असं पडत होतं जणू जमीन त्याच्या नावावर आहे: हे वडील. एकीच्या बांगड्या आणि दम्याचा बारीक श्वास: ही आई. तिसऱ्याच्या चपला दाराशी थांबल्या आणि पायपुसण्यावर दोनदा घासल्या. हा नवरदेव. पाय पुसून येणारा माणूस, मी मनात नोंद केली.

डोळस असल्याचं नाटक करणं सोपं आहे, करून पाहा. आवाज जिथून येतो त्याच्या चार बोटं वर पाहायचं, तिथे डोळे असतात. घाईने काही उचलायचं नाही. आणि मधूनमधून खिडकीकडे बघून उसासा टाकायचा. राव आंटींच्या खुर्च्या आमच्यापेक्षा एक पाऊल भिंतीकडे होत्या, तेवढं मी जपलं. बाकी घर तर माझंच होतं.

"मी मेश्राम," वडील बसत म्हणाले. "लोको पायलट होतो, आता रिटायर. डोळे सहा बाय सहा. या उमरीत! धुक्यातबी सिग्नल सांगतो. डॉक्टर म्हणते मेश्राम साहेब, तुमचे डोळे म्हणजे डोळे."

"पाहूनच वाटते जी," मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहत म्हणालो.

मग नवरदेवाच्या आईने हळूच काहीतरी कुजबुजलं आणि वडील घसा खाकरत म्हणाले, "बाबू, एक विचारू काय? हे एवढे मोठे फोटो? देवाचे? आपल्या घरात?"

आता आली पंचाईत. आमच्यासारख्या घरात देवादिकांचे फोटो नसतात, आणि मेश्रामांच्या घरीही नसणार. राव आंटींच्या भिंतीवर काय आहे हे मला सतरा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. कापूर होता, म्हणजे पूजा होती. "मोठे" म्हणाले, म्हणजे भिंतभर. मी एक उसासा टाकला.

"शेजारच्याईचे आहे जी. त्याईच्या घरी चुना मारणं चालू आहे, तं म्हणाले ठेवा तुमच्याकडे."

"अन् दिवा?"

"ते म्हणाले खंड पडू देऊ नका. आम्ही म्हटलं, ठीक आहे. पाहुणा कोणाचाही असो."

मेश्राम काकाजींची खुर्ची करकरली. "वा," ते म्हणाले. "याले म्हणते शेजारी. ऐकलं काय गं? दुसऱ्याच्या देवाले सांभाळून राहिले. संस्कार आहे."

मी असा वर चढलो की खाली उतरायला जिना सापडेना. नळाच्या पाइपात घरघर सुरू झाली, म्हणजे चारचं पाणी येणार. तेवढ्यात काकाजींनी विचारलं, "किती वाजले, पाहा बरं बाबू?" मी भिंतीकडे मान वळवून बेधडक म्हणालो, "चारला पाच कमी." काकाजी म्हणाले, "पण हे घड्याळ तं सव्वादहा दाखवून राहिलं." मी न अडखळता म्हणालो, "ते बंद आहे जी. मी अंदाजानं सांगितलं." त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं असावं, कारण मांडीवर थाप पडल्याचा आवाज आला. "चारला पाचच कमी! याले म्हणते ड्रायव्हरचा अंदाज. रेल्वेत टाका याले!"

मग मी कॉफी केली. चहा करणार होतो, पण राव आंटींकडे चहापत्ती कुठे असते हे मला माहीत नव्हतं आणि कॉफीचा डबा वासावरून लगेच सापडला. साखर चाटून पाहिली, कारण पहिल्या डब्यात मीठ निघालं. दूध तापायला लागलं की भांड्याची बोली बदलते, ती ऐकून गॅस कमी केला. नवरदेव स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला, त्याची चप्पल नव्हती पण घड्याळाची टिकटिक होती.

"मी मदत करू काय?" तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "मी प्रशांत."

"नाही जी, तुम्ही पाहुणे."

तो गेला नाही. तिथेच उभा राहिला. मी कप भरले; कप भरत आला की आवाज उंच होतो, तेवढ्यावर थांबायचं. एकही थेंब सांडला नाही. प्रेक्षक असला की माझा हात फार स्वच्छ चालतो.

कॉफीने कहर केला. मेश्राम काकूंनी घोट घेतला आणि श्वास थांबवला. "अगं बाई! हे कोणी शिकवलं?" "ताईनं," मी म्हणालो. "अन् हे?" "मुरुक्कू. तेही ताईच करते." खोटं बोलायला एकदा बसलं की माणूस कंजूसपणा करत नाही. मग काकूंनी पिशवीतून काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं. गुळगुळीत, पोस्टकार्डाएवढं. "हा फोटो आत्याबाईनं पाठवला होता. कुठं काढला रे हा? फार छान आला."

मी फोटो दोन्ही हातांत धरला. छान लांब धरला, जवळ आणला, मान तिरकी केली. "सिव्हिक सेंटरच्या स्टुडिओत," मी म्हणालो. "पण ताई याच्यापेक्षा चांगली दिसते. इथे तिचे डोळे बारीक आले."

काकाजी मुरुक्कू फोडत होते. आणि मग माझ्या हातांवर दोन बोटं आली, अगदी हलकी, आणि त्यांनी फोटो माझ्या हातात उलटा फिरवून सरळ केला. जेवढ्यास तेवढं. कोणाच्या लक्षात येणार नाही असं. प्रशांतची बोटं होती. तो परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसला आणि म्हणाला, "हाव, डोळे जरा बारीक आले आहे."

माझ्या आयुष्यात मला पुष्कळांनी हात धरून रस्ता ओलांडून दिला आहे, त्यातले काही मला जायचं नव्हतं त्या बाजूलाही घेऊन गेले. पण असं कोणी केलं नव्हतं. तो माणूस माझं नाटक पाडू शकत होता. त्याने त्यात छोटी भूमिका घेतली. त्या क्षणी मी ठरवलं की नवरदेव मी पाहिला आणि मला पसंत आहे. आता फक्त ताईला हे कसं कळवायचं, एवढंच उरलं होतं.

ते राव आंटींनी सोडवलं. मागचं दार धाडकन उघडलं आणि आंटी मोठी परात न्यायला आत आल्या. तीन अनोळखी माणसं आपल्या खुर्च्यांत बसून आपल्या कपात आपली कॉफी पितायत, हे पाहून त्या किंचाळल्याच. "अय्यो! ये कौन लोग? मिलिंद! ये मेरे घर में कौन लोग बैठा?"

"तुमच्या घरात?" काकाजी म्हणाले.

"मेरा घर! मेरा भगवान, मेरा कप! उधर सब लोग रास्ता देख-देख के पागल हो गया, आप इधर बैठा? और ये बच्चे से कॉफी बनवाया? गरम दूध? इसको दिखता नहीं! एक आँख से भी नहीं!"

पंखा फिरत होता. नळाला पाणी आलं होतं. काकाजींच्या हातातला कप हळूच बशीवर टेकला. सगळं संपलं होतं आणि या खेपेला दोषही कोणाच्या रक्तावर टाकता येत नव्हता. घोळ मी केला होता, एकट्याने, मुरुक्कू खात.

"चला," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? "खरं घर मागे आहे. मी नेतो."

मागच्या गल्लीत एकसारखी दारं ओळीने उभी. पाहुणे डोळे फाडून उभे असावेत, कारण काकू म्हणाल्या, "यातलं कोणतं?" मी पुढे निघालो, आमच्या अंगणातल्या निंबाच्या वासाशी थांबलो, आणि आमचं दार ढकललं. समोरच्या दाराशी आमचं बाकीचं खानदान एका तासापासून इस्त्रीचे कपडे घालून उभं होतं, आणि पाहुणे मागून थेट स्वयंपाकघरात आले. तिथे ताई जुना गाऊन घालून, बेसनाच्या हातांनी सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, कढईत सोडत होती, कारण पाहुणे येत नाहीत असं तिने धरून टाकलं होतं. आत्या वळली. तिने मला पाहिलं, माझ्या मागे तिघांना पाहिलं, आणि तिच्या हातातला झारा कढईत पडला.

"जी, ऐका," ती सुरू झाली, "हे रक्तातलं नाही, गोवर झाला होता याले, डॉक्टरची चिठ्ठी आहे, मी दाखवते..."

"आत्या, थांब," ताई म्हणाली. "हा माझा भाऊ. याले दिसत नाही. चहा पिल्यावर सांगणार होते, पण आता पाहिलंच आहे तुम्ही. ज्याले चालत नसंन त्यानं वडी खाऊन जावं. रागवणार नाही आम्ही."

तेल चुरचुरत होतं. बाबा आतून धावत आले आणि दारात अडकल्यासारखे उभे राहिले. मग प्रशांत अगदी साधेपणाने म्हणाला, "बाबा, तुमचे डोळे सहा बाय सहा आहे ना?"

ही शांतता मी आजही जशीच्या तशी काढून दाखवू शकतो. धुक्यात सिग्नल ओळखणारा माणूस एका आंधळ्या पोरासमोर अर्धा तास बसला होता, त्याला वेळ विचारली होती, फोटो दाखवला होता, रेल्वेत टाका म्हणाला होता. आता नाही म्हणायचं तर आधी हे कबूल करावं लागत होतं.

"मले तं दारातच समजलं होतं," काकाजी म्हणाले.

"हाव, समजलं होतं म्हणे," काकू पुटपुटल्या.

"समजलं होतं! नाही तं वेळ कावून विचारली? फोटो कावून दिला? परीक्षा घेऊन राहिलो होतो मी. पोरगं पास झालं. एक थेंब नाही सांडला." आणि मग, स्वतःच्या खोट्यावर जरा उंच उभे राहून, आत्याला म्हणाले, "बाई, डोळ्याचं मले नका सांगू. डोळे मी पाहिले आहे. असं घर पाहिलं नव्हतं."

माणूस कधीकधी आपल्याच थापेत असा अडकतो की चांगलं वागण्यावाचून त्याला दुसरा रस्ता उरत नाही. काकाजी त्यात अडकले आणि पुढे जन्मभर तिथेच आनंदाने राहिले.

ताई मात्र एवढ्यावर ऐकणारी नव्हती. तिने प्रशांतला विचारलं, "अन् तुमाले कवा समजलं?"

"फोटो उलटा धरला तवा."

"मंग बोलले कावून नाही?"

"कॉफी चांगली होती," तो म्हणाला.

ताई हसली. पायरीवर बसून वाचताना मध्येच दाणा घशात गेला की ती जशी हसायची तशी. मग ती एकदम थांबली. "कॉफी? आमच्या घरी कॉफी कोण बनवते?"

"अन् ते मुरुक्कू," काकू उत्साहाने म्हणाल्या, "मले तुझ्याकडूनच शिकायचे आहे."

ताईची नजर माझ्याकडे वळली हे मला दिसायची गरज नव्हती. ते गालावर गरम लागलं. त्या महिन्यात ती रोज संध्याकाळी राव आंटींकडे मुरुक्कू शिकायला गेली, आणि परत येताना तिने मला एकदाही मुरुक्कू दिला नाही. सासरी ती आजही दर दिवाळीला चार डबे करते. तिच्या मते ही माझी चूक आहे. माझ्या मते ही तिची कीर्ती आहे. जिजाजींना विचारलं तर ते म्हणतात, कॉफी चांगली होती. माझ्या बारावीच्या उरलेल्या धड्यांचं काय झालं म्हणाल, तर दुर्गहून दर रविवारी जिजाजी स्कूटरने यायचे आणि पायरीवर बसून वाचून द्यायचे. दाणे खायचे नाहीत. त्यामुळे तो भाग मला कमी आठवतो.

बाबांनी पुढे तेच क्वार्टर लीजवर घेतलं, म्हणून मी अजून सडक बाराच्या चार-बीत राहतो आणि अजून सगळं सेक्टर मला पाठ आहे. परवा काकाजी आमच्याकडे राहायला आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन इथेच झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच धूसर झालेला. ज्या माणसाने वीस-बावीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला "मले तं दारातच समजलं होतं" ही गोष्ट सांगितली, तो माझ्या खांद्यावर हात ठेवून माझ्या घरात चालत होता.

"सहा पावलं काकाजी, मग डावीकडे. ओटा कमरेला लागंन."

ते मोजून चालले. ओट्याला हात लागला तसे थांबले. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी कॉफी ठेवली होती. दूध बोली बदलायच्या बेतात होतं.

"मिलिंद," ते हळूच म्हणाले, "एक सांगू काय? कोणाले बोलू नको."

"सांगा ना जी."

"त्या दिवशी मले काही दिसलं नव्हतं, बाबू. काहीच नाही."

मी गॅस कमी केला आणि त्यांच्या आवाजाच्या चार बोटं वर पाहिलं.

"मलेबी नाही, काकाजी."